आयलॅश एक्स्टेन्शन शिकताय? आधी बेसिन कुठे आहे ते बघा

आयलॅश एक्स्टेन्शन म्हणजे पापणीच्या एकेका केसावर ग्लूने कृत्रिम केस, म्हणजे लॅश, चिकटवणं; दोन्ही डोळ्यांचं मिळून होतं तो एक सेट. हे शिकायला नवीन मुली येतात तेव्हा त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. ताई, ग्लू कुठला वापरता, आणि एका सेटचे किती घेता. हात कुठे धुता, हे अजून एकीनेही विचारलेलं नाही. म्हणून मी शिकवायला बेसिनपासूनच सुरुवात करते.

माझं पार्लर परळला, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. एक बेड, एक एसी, एक खिडकी आणि बेडपासून चार पावलांवर बेसिन. आधीच्या जागेत हात धुवायला पॅसेजमधल्या सामायिक मोरीपर्यंत जावं लागायचं. खरं सांगायचं तर दिवसाची चौथी क्लायंट येईपर्यंत तिथे जायचा कंटाळा यायचा. मग सॅनिटायझर चोळायचा आणि बसायचं. स्वच्छ काम करायची इच्छा सगळ्यांनाच असते, पण चार पावलांचा हिशोब आधी जमवून ठेवला नाही तर ती इच्छा दुपारपर्यंतच टिकते. तुम्ही घरच्या हॉलमध्ये काम सुरू करणार असाल तर बेड बेसिनच्या जवळ लावा. आरसा, रिंग लाइट, भिंतीवरची फुलं नंतर.

साबणाने किमान २० सेकंद, नखांच्या कडा आणि बोटांच्या बेचक्यांसकट हात धुवायचे. अंगठ्या काढून. पुसायला कागदी टॉवेल. खुंटीवरचा नॅपकिन नको, तो सकाळपासून सगळ्यांचे हात पुसून दमलेला असतो. हात धुवायचे क्लायंट यायच्या आधी, मोबाइलला हात लावला तर पुन्हा, आणि सेट संपल्यावर. मोबाइलचं मुद्दाम लिहिते. सकाळी लोकलचा दांडा धरलेल्या हाताने आपण तो हाताळलेला असतो, आणि सेट अर्धा झाला की "आधी-नंतर"चा फोटो काढायला हात तिकडेच वळतो.

हे काम नेमकं कुठे चालतं

क्लायंट दीड-दोन तास डोळे मिटून पडलेली असते आणि तिच्या बुबुळापासून काही मिलिमीटरवर आपण टोकदार चिमटे आणि ग्लू फिरवत असतो. तिला काही दिसत नाही. चिमटा धुतलेला होता का, स्पूली (लॅश विंचरायचा छोटा ब्रश) नवी काढली का, हे तिला कधीच कळणार नाही.

मराठीत एक गंमत आहे. 'पापणी' म्हणजे डोळ्यावरची झाकणी आणि तिच्या कडेचे केससुद्धा. त्यामुळे क्लायंट म्हणाली "पापणी दुखतेय", तर बोट लावून दाखवायला सांगा. केसाच्या मुळाशी टोचत असेल तर बहुतेक लॅश शेजारच्या केसाला चिकटलीय. झाकणी जड, गरम, खाजरी वाटत असेल तर प्रकरण वेगळं आहे.

वरच्या पापणीला साधारण ९० ते १५० केस असतात. प्रत्येक केसाचं वाढायचं, थांबायचं आणि गळायचं आपलं चक्र असतं, म्हणून रोज दोन-चार केस गळणं साहजिकच. त्यांच्याबरोबर आपली लॅशही जाते. दोन-तीन आठवड्यांनी रिफिल, म्हणजे गेलेल्यांच्या जागी नव्या लॅश, लागतो तो यामुळे. लॅश महिनाभर एकही पडली नाही असं कुणी कौतुकाने सांगितलं तर मला आधी शंका येते, की चार-चार केस एकत्र चिकटवून ठेवलेत.

ग्लूची ओळख

आपला ग्लू सायनोॲक्रिलेट जातीचा असतो. घरातलं फेविक्विकही त्याच घराण्यातलं. हे सांगितलं की नव्या मुली दचकतात, आणि दचकायलाच हवं. लॅशसाठीचा ग्लू वेगळा बनवलेला असतो, म्हणून घरगुती ट्यूब डोळ्याजवळ कधीही, कुठल्याही अडचणीत आणायची नाही. पण लॅशच्या ग्लूचा स्वभाव तोच: हवेतल्या दमटपणाने तो घट्ट होतो, आणि होताना वाफ सोडतो. ती वाफ डोळ्याला झोंबते. काळ्या ग्लूत रंगासाठी कार्बन ब्लॅक असतो. बाटलीवर 'लेटेक्स नाही' असं छापलेलं असलं तरी निर्धास्त होऊ नका, कारण ॲलर्जी बहुतेकदा सायनोॲक्रिलेटचीच असते.

त्याचा अजून एक गुण लक्षात ठेवा. सुती कापसावर हा ग्लू सांडला तर तो एकदम तापतो, धूरही निघतो. म्हणून बाटलीचं तोंड कापसाने पुसायचं नाही. धागे न सुटणारे वाइप्स मिळतात, ते वापरा.

बाटली उघडली त्या दिवसाची तारीख मार्करने बाटलीवरच लिहा. महिना-दीड महिन्यात ती टाकायची, अर्धी उरली असली तरी. जीव खालीवर होतो, माहीत आहे. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढली की आत ओल धरते. सिलिका जेलची पुडी टाकलेल्या हवाबंद डब्यात ती उभी ठेवा. विकत घेताना, दुकान क्रॉफर्ड मार्केटचं असो की ऑनलाइन, उत्पादनाची तारीख आणि बॅच नंबर नसलेली बाटली घेऊ नका. कितीही स्वस्त असो.

नाही म्हणायची यादी

मला कुणी विचारलं, स्वच्छतेचं सगळ्यात महत्त्वाचं साधन कुठलं, तर मी म्हणेन 'नाही' हा शब्द. चिमटा हातात घ्यायच्या आधीच बरंचसं ठरून जातं. क्लायंट आली की मेकअप काढायला लावा, चांगल्या उजेडात डोळे बघा, आणि पुढच्यापैकी काही दिसलं तर अपॉइंटमेंट पुढे ढकला.

डोळे लाल, पाणी येतंय, सकाळी चिपडांनी पापण्या चिकटतात: डोळे आलेत. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभर साथ होती तेव्हा मी आठवड्यात अकरा जणींना परत पाठवलं होतं. त्यातल्या दोघी दुसरीकडे जाऊन सेट लावून आल्या. असू दे. त्यांच्या डोक्याखालच्या उशीवर पुढची क्लायंट झोपणार होती.

रांजणवाडी असेल तर ती पूर्ण जाईपर्यंत नाही. केसांच्या मुळाशी कोंड्यासारख्या खपल्या आणि पापणीची कड लालसर दिसली तर ती पापणीच्या काठाची सूज असू शकते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा. ती बरी न करता वर लॅश लावणं म्हणजे ओल असलेल्या भिंतीला रंग मारणं.

डोळ्यांचं ऑपरेशन किंवा लेसर झालेलं असेल तर डॉक्टरची परवानगी मिळाल्यावरच. केमोथेरपी चालू असेल, पापण्यांचे केस आपोआप गळत असतील किंवा स्वतःच उपटायची सवय असेल, तरी तसंच. गरोदर बाईंनाही मी डॉक्टरला विचारून या म्हणते. दोन तास उताणं पडणंच त्यांना अवघड जातं. दम्याची क्लायंट असेल तर वाफेचा विचार करा. कॉन्टॅक्ट लेन्स काढायच्या, डबी सोबत आणायला आधीच मेसेज करायचा. नखांच्या जेल किंवा ॲक्रिलिकने कधी बोटं सुजली होती का, बॅन्ड-एडच्या चिकटपट्टीने पुरळ येतं का, हेही विचारा. अठराच्या आतली मुलगी आईला घेऊन आली तरी मी करत नाही, पण तो माझा नियम झाला.

हे सगळं एका पानाच्या फॉर्मवर मराठीत लिहून ठेवा आणि सही घ्या. इंग्रजी फॉर्मवर लोक न वाचता सही करतात. आमच्याकडे येणाऱ्या काकू मराठी फॉर्म वाचून "अगं, मला काचबिंदूचे थेंब चालू आहेत, ते सांगायचं का?" असं विचारतात. सांगायचं. थेंबांनी ग्लू सुटू शकतो, आणि काही थेंबांनी पापण्यांचे केसही वाढतात.

पॅच टेस्ट, आणि माझी चूक

पहिल्याच वर्षी माझ्याकडे एक मुलगी शुक्रवारी संध्याकाळी आली. रविवारी बहिणीचं लग्न. पॅच टेस्टला, म्हणजे आधी थोड्याच लॅश लावून ॲलर्जी होते का बघायला, वेळ नव्हता, आणि ती म्हणाली, "ताई, मी दोनदा लावलेत, मला काही होत नाही." मी लावले. शनिवारी सकाळी तिच्या आईचा फोन आला. दोन्ही डोळे बटाट्यासारखे सुजलेले, खाज थांबेना. डॉक्टरकडे नेलं, सूज उतरायला चार दिवस गेले. लग्नाच्या फोटोत ती नऊवारी नेसून काळा गॉगल लावून उभी आहे. तो फोटो तिने मला पाठवला होता, रागाने नाही, गंमत म्हणून. मला अजून त्यात गंमत दिसत नाही.

आधी दोनदा काही झालं नाही, हा पुरावा नसतो. ही ॲलर्जी वापरता-वापरता तयार होते. पाचव्या सेटला होईल, नाहीतर पन्नासाव्या. म्हणून नवी क्लायंट, नवा ग्लू, किंवा सहा महिन्यांचा खंड, यांपैकी काहीही असलं की टेस्ट. जो ग्लू लावणार तोच घ्यायचा, दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांना तीन-चार लॅश लावायच्या आणि ४८ तास थांबायचं. काही ठिकाणी कानामागे ठिपका लावतात. नाहीपेक्षा बरं, पण कानामागची कातडी आणि पापणीची कातडी यांत फार फरक आहे. आणि टेस्ट ठीक निघाली म्हणजे हमी नव्हे, हे क्लायंटला तोंडाने सांगा.

लग्नसराईत टेस्टसाठी वेगळं बोलवलं की लोक कुरकुरतात. दादरला साडीखरेदीला येणारच आहात ना, येता-जाता पंधरा मिनिटं या, असं सांगितलं की येतात.

चिमटे

इथे जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त फसवाफसवी इथेच चालते.

मी शिकले त्या दोन दिवसांच्या क्लासमध्ये निळ्या दिव्याचा एक डबा होता. मॅडम चिमटे त्यात टाकायच्या, दहा मिनिटांनी काढायच्या आणि म्हणायच्या, "झाले स्टराइल." झालेले नसतात. तो प्रकाश जिथे पडतो तिथेच काय ते काम करतो. चिमट्याची आतली बाजू, टोकांची फट, वाळलेल्या ग्लूचा थर, यांच्या सावलीत जंतू निवांत बसतात. धुऊन निर्जंतुक केलेली हत्यारं ठेवायला डबा म्हणून तो चालेल, त्यापलीकडे नाही.

खरा क्रम असा. आधी चिमट्यावरचा ग्लू काढायचा. चिमटा क्लीनरमध्ये किंवा ॲसिटोनमध्ये भिजवून, क्लायंटपासून लांब, खिडकी उघडी ठेवून. मग कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश. मग स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करायचा, कारण ओला चिमटा द्रावणात टाकला तर द्रावण पातळ होतं. मग तो जंतुनाशक द्रावणात पूर्ण बुडवायचा. नुसती टोकं बुडवून बरणीत उभे केलेले चिमटे दिसले तर समजा, पार्लर दिखाव्याचं आहे. किती वेळ बुडवायचा ते द्रावणाच्या बाटलीवर छापलेलं असतं. तेवढाच वेळ, घड्याळ लावून. काढला की पुन्हा धुवायचा, कोरडा करायचा, झाकणाच्या डब्यात ठेवायचा. द्रावण रोज नवं, गढूळ झालं तर त्याआधीच.

धुण्याची पायरी वगळून थेट द्रावणात टाकण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण मळाच्या आणि ग्लूच्या थराखाली द्रावण पोचतच नाही.

शक्य असेल तर ऑटोक्लेव्ह घ्या. १२१ अंश सेल्सियसची दाबाखालची वाफ, १५ ते २० मिनिटं. दातांच्या दवाखान्यात टेबलावर ठेवायचा छोटा मिळतो तसा. मी पहिली दोन वर्षं शेजारच्या डेंटिस्ट ताईंकडे आठवड्यातून दोनदा चिमटे पाठवायचे, बदल्यात त्यांच्या भुवया फुकट. मात्र चिमटे स्टेनलेस स्टीलचे हवेत. रंगीत लेप असलेले काही चिमटे त्या उष्णतेत खराब होतात.

बेड, ट्रॉली, दिव्याची मान पुसायला ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. ९९ टक्क्यांचं जास्त जोरदार असेल असं वाटतं, पण ते पटकन उडून जातं, आणि जंतू मारायच्या कामात पाण्याचाही हात असतो. लावलं आणि लगेच पुसलं असं करू नका, पृष्ठभाग थोडा वेळ ओला राहू द्या.

स्पूली, मायक्रोब्रश, जेल पॅड, डोक्याची टोपी, ग्लू ठेवायची बोटातली रिंग: एकदा वापरलं की कचऱ्यात. स्पूली साबणाने धुऊन त्याच क्लायंटला पुढच्या रिफिलला वापरते, असं एकीने मला अभिमानाने सांगितलं होतं. त्यापेक्षा ती स्पूली तिलाच घरी द्या, रोज विंचरायला कामी येईल. लॅशच्या पट्टीवरून लागतील तेवढ्याच ओळी काढून घ्यायच्या. कपाळावर किंवा मनगटावर ठेवलेली पट्टी परत डब्यात जात नाही. उशीचा अभ्रा प्रत्येकीला नवा, नाहीतर वर कागदी रोल.

खोलीतली हवा

पावसाळ्यात मुंबईची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, आणि बहुतेक ग्लूंना ४५ ते ६० च्या आसपास आवडतं. दमट हवेत ग्लू केसाला टेकायच्या आधीच घट्ट होतो, लॅश वरवर बसते, मुळाशी पांढरट पूड धरते आणि वाफही भसकन निघते. जुलैमध्ये "ग्लू खराब निघाला" असा फोन आला की मी पहिल्यांदा विचारते, खोलीत हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, आहे का? चार-पाचशे रुपयांत मिळतो. एसी ड्राय मोडवर, दार बंद, तापमान २२-२४ अंश. ग्लू कमी उचला, ग्लू ठेवायच्या छोट्या दगडावरचा थेंब पंधरा मिनिटांनी बदला, पाऊस कोसळत असेल तर दहाच मिनिटांनी.

उलट दिवसभर एसी चालून हवा फार कोरडी झाली तर ग्लू ओलाच राहतो, शेजारचे केस चिकटतात आणि वाफ रेंगाळते. नवख्यांनी एका सेकंदात सुकणारा ग्लू घेऊच नये. दोन-तीन सेकंदांचा घ्या. हात सरावेपर्यंत तेवढी उसंत लागते.

एसीने हवा आतल्या आत फिरते, वाफ बाहेर जात नाही. दोन क्लायंटच्या मध्ये दहा मिनिटं खिडकी उघडा, एक्झॉस्ट असेल तर उत्तम. हे क्लायंटपेक्षा तुमच्यासाठी आहे. ती दोन-तीन आठवड्यांतून एकदा ही वाफ घेते, तुम्ही रोज सहा तास, वाकून. या कामातून दमा जडलेल्या बायका आहेत. साधा सर्जिकल मास्क थुंकी अडवतो, वाफ अडवत नाही. त्यासाठी कार्बनचा थर असलेला मास्क घ्या.

प्रत्यक्ष सेट

डोळे फोमने धुवा, कोरडे करा. खालच्या पापणीवर जेल पॅड लावताना तो डोळ्याच्या ओल्या कडेला टेकता कामा नये, दोन मिलिमीटर खाली ठेवा. टेपची चिकाटी कमी करायला ती हाताच्या पाठीवर दाबून घेतात, तो हात धुतलेला असावा एवढंच. मग डोळे मिटायला सांगा आणि खालच्या बाजूने छोट्या टॉर्चने बघा. कित्येकांचे डोळे झोपेतही फटभर उघडे राहतात, त्यांना स्वतःलाही माहीत नसतं. त्या फटीतून वाफ आत जाते आणि सेट संपल्यावर डोळे लालभडक. फट दिसली तर पॅड नीट बसवा. तरी बंद होत नसेल तर सेट करू नका.

एक केस वेगळा काढायचा, त्यावर एक लॅश, कातडीपासून अर्धा ते एक मिलिमीटर सोडून. ग्लू कातडीला लागला की त्रासाला निमंत्रण. लॅशची जाडी ०.१५ मिलिमीटर पुरे. क्लायंट 'भरगच्च' मागते म्हणून ०.२० लावाल, तर तेवढ्याच लांबीची लॅश पावणेदोन पटीहून जड होते. लांबीही तिच्या केसापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच जास्त. वजन झेपलं नाही की मुळावर ताण येतो, आणि असं महिनोन्‌महिने चाललं तर तो केस पुन्हा नीट उगवत नाही.

शेवटी चिमट्याने एकेक केस सुटा आहे का तपासा. छोट्या पंख्याने दोन-तीन मिनिटं वाफ उडवा. त्यानंतरच डोळे उघडायला सांगा.

काही बिघडलं तर

ग्लू डोळ्यात गेला: हात थांबवा, घाबरल्याचं दाखवू नका. स्वच्छ कोमट पाणी किंवा सलाइन, सलग १५ मिनिटं, डोळा धूत राहायचं. पापण्या चिकटल्या असतील तर ओढायच्या नाहीत, रिमूव्हर डोळ्यात घालायचा नाही. धुऊन झालं की थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे, तुम्ही सोबत, ग्लूची बाटली पर्समध्ये. जवळचा नेत्रतज्ज्ञ, केईएम, नायर, सायन, जे.जे., जे जवळ पडेल ते. नंबर आणि पत्ता भिंतीवर लिहून ठेवा. सलाइनची सीलबंद बाटली ट्रॉलीवर हवीच. पालिकेचं पाणी नेमकं त्या वेळी गेलेलं असू शकतं.

सेटनंतर लगेच लाली आली आणि दिवसभरात उतरली, तर बहुधा वाफेने किंवा पॅडने झालेली जळजळ. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही वरच्या पापण्या सुजल्या, खाज वाढत गेली, तर ॲलर्जी समजा. गार पट्टी ठेवायला सांगा, डॉक्टरकडे पाठवा, लॅश काढून टाका आणि पैसे परत करा. गोळी तुम्ही सुचवू नका, ते काम डॉक्टरचं. अशा क्लायंटला 'सेन्सिटिव्ह' ग्लू लावून बघू असं म्हणू नका, तोही त्याच घराण्यातला असतो. आणि तिला एक गोष्ट आवर्जून सांगा: पुढे कधी ऑपरेशन झालं तर सर्जनला ही ॲलर्जी सांगायची, कारण जखमा चिकटवायला दवाखान्यात याच जातीचा ग्लू वापरतात. दुखत असेल, धूसर दिसत असेल, उजेड सहन होत नसेल, तर उद्यापर्यंत थांबायचं नाही.

लॅश काढायच्या त्या क्रीम रिमूव्हरने. पातळ रिमूव्हर ओघळून डोळ्यात जातो. ॲसिटोन डोळ्याजवळ कधीच नाही. क्लायंट घरी नखांनी ओढून काढते तेव्हा तिचे केसही येतात, म्हणून मी काढायचे पैसे घेत नाही. पैसे लागतात म्हणूनच बायका घरी ओढतात.

घरी काय सांगाल

"लॅशला पाणी लावू नका" हा सल्ला अजून फिरतो आणि त्यानेच सगळ्यात जास्त घाण होते. पहिला एक दिवस कोरडं ठेवा म्हणा, पुढे रोज धुवायचं. आपल्या हवेत घाम, धूळ, तेल सगळं मुळाशी साचतं, आणि मग तीच खपली, तीच सूज. तेल नसलेला फोम, मऊ ब्रश, पाणी, टिपून कोरडं, स्पूली.

खोबरेल तेल आणि काजळ ग्लूचे वैरी. आजीला हे पटवणं अवघड असतं, प्रयत्न करा. नवरीच्या हळदीत तेल असतं, म्हणून सेट हळदीनंतर, आणि पॅच टेस्ट त्याच्याही बरीच आधी. सर्दी झाल्यावर टॉवेल डोक्यावर घेऊन वाफ घेणं, कुकरचं झाकण उघडताना तोंड वर धरणं, पालथं झोपणं, हेही टाळायला सांगा. आणि आम्ही परळ-लालबागवाले आहोत, म्हणून अनंत चतुर्दशीच्या आधीचे दोन दिवस मी सेटच घेत नाही. मिरवणुकीतला गुलाल डोळ्यांत जातो, माणूस डोळे चोळतो, आणि दुसऱ्या दिवशी एका डोळ्याला पिसारा, एका डोळ्याला काही नाही.

बॅग घेऊन घरोघरी जाणाऱ्यांसाठी

सुरुवातीला बऱ्याच जणी असंच काम करतात, मीही केलं. स्वच्छ चिमट्यांचा एक बंद डबा, वापरलेल्यांचा दुसरा, दोन वेगळ्या रंगांचे. एका दिवसात तीन घरं असतील तर तीन घरांचे चिमटे. मधे कुठे धुऊन होत नाही. ग्लू दुपारच्या लोकलमध्ये तापतो, म्हणून आइस पॅकशिवाय छोट्या थर्मल पिशवीत. क्लायंटच्या दिवाणावर आपली चादर घाला, आणि पंखा बंद करायला, कुत्रा बाहेर ठेवायला न लाजता सांगा. हात धुवायला बाथरूम विचारा. चहा सेट संपल्यावर.

पैसे कमी असतील तर आधी काय घ्यावं

चिमट्यांच्या किमान चार जोड्या, म्हणजे एक वापरात, एक भिजत, दोन कोरड्या. हायग्रोमीटर. जंतुनाशकाचं झाकणवालं भांडं. सलाइन. दोनशे स्पूलींचं पाकीट. एका कंपनीचा एकच ग्लू, छोटी बाटली. एक जाड वही: तारीख, नाव, ग्लूचा बॅच नंबर, बाटली कधी उघडली, लॅशची जाडी-लांबी, काही तक्रार आली का. रिंग लाइट तिसऱ्या महिन्यात घेतला तरी चालतो. मी माझा सहाव्या महिन्यात घेतला, तोवर टेबल लॅम्पवर भागलं.